घुंगराची सुई

बैल टेकाड चढला, पण उतरायला तयार होईना. पुढचे पाय रोवून उभा राहिला आणि कण्हला. मी त्याला लांबचा वळसा घालून कसाबसा खाली आणला आणि पुन्हा वर चढवला. पुन्हा तेच. चढताना शहाण्यासारखा चढायचा, उतार आला की हटून बसायचा.

निम्मं गाव जमलं होतं. वाशीमहून गुरांचा डॉक्टर आलाय म्हटल्यावर लोकांना मोठ्या सुईचं इंजेक्शन बघायचं होतं. आणि डॉक्टर तर बैलाला हवा खायला नेल्यासारखा वर-खाली करतोय. गर्दीतून आवाज आला, "हा डाक्टर बैलाले तपासून राह्यला का बैल डाक्टरले?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो, कारण मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि तिथल्या गुरांच्या दवाखान्यात मी नवा व्हेटर्नरी सर्जन. मूळचा मी साताऱ्याकडचा. वऱ्हाडात आल्यावर बैलांचं बोलणं मला लवकर कळायला लागलं, माणसांचं जरा उशिरा. मदतीला रहीमभाई नावाचे ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा, जनावर आवळून धरणारा आणि डॉक्टर घाबरला की ते कुणाला कळू न देणारा माणूस.

त्या दिवशी सकाळी नामदेव नावाचा तरणा शेतकरी दवाखान्यात आला होता. हातात टोपी, डोळे जमिनीकडे.

"बैल लय बिमार हाय जी. हरण्या नाव त्याचं. पर बैल माहा नाई, भावाचा हाय."

"मग भाऊ कुठाय?"

"थो माह्याशी बोलत नाई."

"मग तू कसा आलास?"

"बायकोनं धाडलं."

मी रहीमभाईंकडे पाहिलं. हे प्रकरण गुरांच्या दवाखान्याचं नसून कोर्टाचं दिसत होतं. पण रहीमभाईंनी तोवर औजारांची पेटी उचललीसुद्धा. "चला सायेब," ते म्हणाले, "बैलानं तं कोनाशी बोलनं सोडलं नसंन ना."

मेडशीपर्यंत मोटार होती. तिथून पुढे पाटलांची दमणी, म्हणजे वर छत असलेली हलकी बैलगाडी. त्या दमणीत नामदेवने सगळी कहाणी सांगितली. थोरला भाऊ किसन आणि हा, दोघांची वाटणी झाली होती. शेत वाटलं, घर वाटलं, गोठा मधोमध तुराट्यांचा कूड घालून वाटला. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. त्यांची भिंत ती काय असणार, पण भिंत म्हणजे भिंत. बैलजोडीही वाटली. हरण्या थोरल्याला, मोऱ्या धाकट्याला. मग धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, एक बाभूळ कुणाची, यावरून भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं.

आता एका बैलाने नांगर चालत नाही. म्हणून यांनी काय करावं? किसन सकाळी हरण्याला आणून नामदेवच्या दारातल्या खुंट्याला बांधायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. दुसऱ्या दिवशी नामदेव मोऱ्याला तसाच किसनच्या दारात बांधायचा. दोघांची शेतं त्याच जोडीने नांगरली जायची. बैलांचा संसार नीट चालला होता.

"अन् बायका?" मी विचारलं.

"त्यायचंही बोलनं बंद केलं आमी," नामदेव जरा ऐटीत म्हणाला.

मग आला पोळा. पोळ्याला बैलांना झुला घालतात, कपाळाला रंगीत गोंड्यांच्या मठाट्या बांधतात, तोरणाखाली सगळ्या गावच्या जोड्या उभ्या करतात. तोरण सुटलं की बैल पळतात आणि मग दारोदार जाऊन पुरणपोळी खातात. तोरण सुटल्यावर हरण्या पळाला तो थेट नामदेवच्या दारात. जुनी सवय. किसन कासरा ओढून ओढून थकला. नामदेवची बायको कौसल्या पुरणपोळी घेऊन बाहेर आली आणि हरण्याने तिच्या हातून ती मिटक्या मारत खाल्ली.

त्यानंतर चार दिवसांत हरण्याने खाणं टाकलं. रवंथ बंद. पाठ वाकलेली, कोपरं बाहेर, नुसता कण्हायचा. किसन म्हणाला, हिनं पोळीत काहीतरी घातलं. लोक म्हणाले, करणी केली. विहिरीवर बायका कौसल्येच्या घागरीपासून आपल्या घागरी लांब ठेवू लागल्या.

"मंग मीच म्हनलं, जाय माहेरी, कामरगावले," नामदेव खाली बघत म्हणाला. "बदनामी किती आयकावं जी? पर थे म्हन्ते, बैलाचं दुखनं समजल्याबिगर मी दमनीत पाय ठेवत नाई. पह्यले डाक्टर आना."

"आणि समजल्यावर?"

"याच दमनीत बसून जाईन म्हन्ते."

मी ज्या दमणीत पाय पसरून बसलो होतो, ती अशी दुहेरी कामाची होती. मी पाय आवरून घेतले.

गावात पोचलो तर नामदेवच्या ओट्यावर खरंच एक गाठोडं बांधून ठेवलेलं. शेजारी कौसल्या उभी. विशी-बाविशीची, चेहरा ओढलेला, पण नजर सरळ. पलीकडच्या दारात किसन आणि त्याची बायको रुख्मा. किसन मला बघून गुरगुरला, "म्या बलावलं नाई." पण बैलाला हात लावू दिला. बैलावर त्याचा जीव होता, हे तो त्याच्या मानेवरून हात फिरवत होता त्यावरूनच दिसत होतं.

पुढे ती टेकाडाची वारी झाली. शिवाय मी हरण्याच्या वशिंडामागे पाठीला जोरात चिमटा घेतला. निरोगी बैल चिमटा घेतला की पाठ खाली दबवतो; हा जागचा हलला नाही, नुसता कण्हला. मग दोघा गावकऱ्यांनी छातीखालून बांबू घालून हळूच उचलला. तेव्हा त्याने जो आवाज काढला, त्याने हसणारे लोक गप्प झाले.

आता वाचकांसाठी थोडं शास्त्र. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. बैल घाईघाईने गिळतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. गिळताना तो निवडत बसत नाही. चाऱ्यात खिळा, तार, काहीही असलं तरी ते आत जातं आणि जड म्हणून दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतं. या कप्प्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. त्याच्या पुढे पातळसा पडदा आणि पडद्यापलीकडे काळीज. बैल चढ चढतो तेव्हा पोटाचा भार मागे जातो, टोचणी कमी होते. उतरताना सगळा भार पुढे येतो आणि टोक रुततं. म्हणून हरण्या उतरत नव्हता.

"याच्या पोटात लोखंड आहे," मी सांगितलं. "खिळा, तार, असं काहीतरी. काढलं नाही तर काळजात जाईल."

"माह्या गोठ्यात लोखंड कुठून येईन?" किसन उसळला. "करनीच हाय थे."

तेव्हा कौसल्या ओट्यावरून खाली आली. सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "डाक्टरसायेब, पोट फाडलं तं करनी दिसते का?"

"करणी दिसत नाही. लोखंड असलं तर दिसतं."

तिने रुख्माकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मंग फाडाच."

मला वाटलं, वा, काय हिंमत आहे. ती हिंमत किती होती हे मला पुढे कळलं.

किसनने विचारलं, "मेला तं?"

"मेला तर मी शिव्या खायला इथेच आहे. नाही फाडला तर मरणारच आहे."

खरं सांगायचं तर हे ऑपरेशन मी कॉलेजात पाहिलं होतं आणि तिथल्याच टेबलावर, सरांच्या देखत, केलं होतं. इथे टेबल नव्हतं, सर नव्हते. गोठा झाडून घेतला, पाणी शिंपडलं, रुख्मेने चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. हरण्याला कुडाला समांतर उभा बांधला. कोट अडकवायला खुंटी शोधली, ती सापडेना, म्हणून कुडाच्या एका काडीला अडकवला. तेव्हा एक गंमत दिसली. कुडाला, बसल्यावर छातीशी येईल इतक्या उंचीवर, एक भोक होतं. उंदराने केलेलं नव्हतं, वापरून गुळगुळीत झालेलं होतं. काड्यांच्या टोकांना लाल दोऱ्याचे तंतू अडकले होते. खाली बरोबर हरण्याची गव्हाण. मी म्हटलं, असेल काहीतरी, आणि हात धुवायला लागलो.

डावी कूस भादरली, साफ केली, जागा बधिर करायची इंजेक्शनं दिली. रहीमभाई बैलाच्या तोंडाशी उभं राहून त्याच्याशी बोलत होते, "बस रे राजा, हो गया." कातडं, मांस, मग पोटाची भिंत. आत चाऱ्याचा गरम चोथा. तो घमेल्याने काढला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि अंदाजाने पुढे सरकलो. कुडापलीकडून मोऱ्या सारखा नाक लावून हुंगत होता. जाळी हाताला लागली. बोटांनी एकेक घर चाचपत गेलो. पुढच्या बाजूला जाळी पडद्याला घट्ट चिकटली होती आणि त्या चिकटलेल्या गाठीत काहीतरी टोचलं.

"आहे," मी म्हणालो.

हात बाहेर काढला. बोटांत सुई होती. चांगली बोटभर लांब, शिवायची सुई.

मी ती उंच धरली. काय रुबाब वाटला मला! करणी-बिरणी सगळं खोटं, हे घ्या शास्त्र, अशी मनात भाषणाची जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात किसन ओरडला, "सुई! पोयीत सुई घातली! म्या मनलं नव्हतं?"

गोठ्याबाहेर एकदम गलका झाला. करणीवर विश्वास न ठेवणारे जे दोन-चार जण होते, त्यांचाही आता बसला. करणी करणारी बाई एक वेळ परवडली, पण पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळीतून सुई चारणारी? नामदेवचा चेहरा राखेसारखा झाला. आणि कौसल्येने गाठोडं उचललं आणि सरळ दमणीत जाऊन बसली.

 मी तिला सोडवायला आलो होतो आणि माझ्याच हाताने तिच्याविरुद्ध पुरावा काढून दिला होता. तोही गावासमोर, उंच धरून.

पण बैलाची कूस उघडी होती, सोडून जाता येत नव्हतं. मी टाके घालायला लागलो. सुई परातीत ठेवली होती. टाके घालता घालता तिच्याकडे नजर जात होती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी भाषणाच्या नादात मी ती नीट पाहिलीच नव्हती.

"किसनभाऊ, इकडे या," मी म्हणालो. "ही सुई बघा. काळी ठिक्कर पडलीय. नेढं झिजून फुटलंय. पंधरा दिवसांत असं होत नाही. आत जाळीला जुनी, कडक गाठ धरली होती, ती तर मुळीच नाही. ही सुई पोळ्याच्या बऱ्याच आधी पोटात गेलीय. तोरणाखालून पळाला तेव्हा पुढे सरकून जोरात रुतली. पोळ्याआधी कधी चारा सोडला होता का यानं?"

किसनने सुईकडे निरखून पाहिलं. मग नाइलाजाने म्हणाला, "सोडला व्हता. थोडे दिवस. मले वाटलं, पान्यापावसानं मरगयला असंन."

"मग पुरणपोळीचा काही संबंध नाही."

"मंग सुई आली कुठून?" हे चार-पाच जणांनी एकदम विचारलं.

माझी नजर आपोआप कुडाकडे गेली. भोक, लाल दोरा, खाली गव्हाण. तिथून नजर काढली तर समोर रुख्मा. तिच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं आणि ती माझ्याकडेच बघत होती. मला कळलं हे तिला कळलं. मी मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला. बैलाच्या पोटातलं सांगायचा मला पगार होता. घरातलं सांगायचा नव्हता.

तिने भांडं खाली ठेवलं.

"सुई माही हाय," ती म्हणाली. "माह्या मायनं देल्ली व्हती."



"तुमी दोघं बाभईसाठी भांडले," ती नवऱ्याला म्हणाली. "आमचं काय भांडन व्हतं? तुमी वावरात गेले का मी इकडून बसो, कौसली तिकडून. झुला शिवो. एक फूल माहं, एक तिचं. चांगली सुई एकच, थे या भोकातून जाये अन् येये. एक दिवस तिनं देल्ली अन् मले भेटली नाई. लय शोधली, गव्हान उलटी केली. नाई सापडली."

"सांगाचं नाई का मंग?" किसन म्हणाला. आवाजातला जोर गेला होता.

"काय सांगू? आमी भेटतो म्हनून?"

नामदेव पुढे आला. "अन् कौसलीवर आळ आला तवा, वैनी? तवाही नाई?"

आता मात्र रुख्मा रडायला लागली. "आली व्हती मी सांगाले. तिनंच माह्या तोंडावर हात ठेवला. मने, आक्का, तुमाले माय नाई, बाप नाई, काढलं तं कुठी जासान? मले कामरगाव हाय. मी जाईन, पर बैल मरू द्याचा नाई. आपल्याच सुईनं मरून राह्यला थो."

मी टाका अर्धवट धरून उभा राहिलो. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. डॉक्टर आणा म्हणून ती अडून बसली ती स्वतःला सोडवायला नव्हे. पोट फाडलं तर सुई निघणार आणि ती आपल्यावरच शेकणार, हे माहीत असून ती म्हणाली होती, मंग फाडाच.  रहीमभाईंनी मला कोपराने ढोसलं, "सायेब, टाका."

बाहेर खुंटीवर हरण्याची झूल टांगलेली होती. कुणीतरी नामदेवकडून मोऱ्याची आणली. दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या. तांबड्या कापडावर तीच फुलं, तेच आरसे, तोच काठ. एक फूल जरा मोठ्या टाक्याचं, पुढचं बारीक टाक्याचं, पुन्हा मोठ्या टाक्याचं. पोळ्याच्या दिवशी या झुला घालून दोन्ही बैल सगळ्या गावातून मिरवले होते. भावांनी आपल्या हातांनी त्या चढवल्या होत्या. एकाच्याही डोळ्याला काही दिसलं नव्हतं.

किसनने दोन्ही झुलांवरून हात फिरवला. मग वर्षभरात पहिल्यांदा भावाशी बोलला.

"नाम्या, दमनीचे बैल सोड. उपाशी हायत थे."

नामदेवने बैल सोडले. रुख्मा दमणीपाशी गेली आणि गाठोडं स्वतः उचलून घरात घेऊन गेली. मागोमाग कौसल्या उतरली. तिने उतरून पहिलं काय केलं असेल, तर हरण्याजवळ येऊन मला विचारलं, "जगते ना जी?"

हरण्या जगला. दहा-बारा दिवसांनी टाके काढायला गेलो तेव्हा डोळे मिटून रवंथ करत बसला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. हरभऱ्याच्या पेरणीला जोडी पुन्हा उभी राहिली.

अकोल्याचे आमचे साहेब पुढे तपासणीला आले. त्यांना कुठूनतरी हे कळलं होतं.

"तुम्ही म्हणे फिल्डवर पोट उघडलंत?"

"होय सर."

"ऑपरेशन टेबल?"

"तुराट्यांचा कूड होता सर."

"लाइट?"

"ऊन होतं."

"कॉज काय निघालं?"

"शिवणकाम, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टरचं पान उलटलं.

पुढच्या वर्षी पोळ्याला मला दोन्ही घरांचं आवतन आलं. आदल्या दिवशीच गेलो. भाऊ बोलत होते, बाभळीवरून भांडतसुद्धा होते, पण तोंडाने. गोठ्यातला कूड मात्र तसाच होता. भाऊ काढायला निघाले होते, बायकांनी काढू दिला नाही म्हणे. कुडाच्या दोन बाजूंना बसलं की प्रत्येकीला आपापल्या बैलाजवळ बसल्याचं सांगता येतं आणि कुणी कामाला हाका मारत नाही.

मी किसनबरोबर ओट्यावर बसून चहा पीत होतो. आतून बारीक आवाज येत होता. छुम. मग जरा थांबून पुन्हा छुम. मी कान दिला.

"काय वाजतंय हो?"

किसनने चहाचा घोट घेतला. "मांजर असंन जी."

"मांजराच्या गळ्यात घुंगरू?"

"हो जी," तो तोंडावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला. "दोन मांजरी हायत."

नंतर गोठ्यात जाऊन बघितलं. नव्या सुईच्या दोऱ्याला बैलाच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू गाठ मारून बांधलेलं होतं. सुई भोकातून गेली की वाजायचं, आली की वाजायचं, आणि गव्हाणीत पडली असती तर बैलाच्या आधी माणसाला कळलं असतं.

त्यानंतर तीस वर्षं नोकरी केली. बैलाने खाणं टाकलंय म्हणून कुणी आलं की लोकांना वाटायचं, डॉक्टर आधी ताप बघेल, जीभ बघेल. मी आधी विचारायचो, घरात शिवतं कोण? आणि शिवताना बसतं कुणाजवळ? पुरुषांना हे कधीच सांगता आलं नाही. म्हणून मग मी घरात जाऊन बायकांना विचारायला लागलो, आणि माझी निदानं बरोबर येऊ लागली.